आनंदाचा घसारा

अलीकडे कोणत्याही स्थळाचे नाव निघाले की पहिला प्रश्न येतो तो हा, की तेथे जाण्यासारखे काही आहे का? देवस्थान असो, धबधबा असो, उपाहारगृह असो किंवा एखाद्या आप्ताचे घर असो. पाऊल उंबऱ्याबाहेर पडण्यापूर्वीच त्या पावलाचे मोल ठरलेले असावे, असा या काळाचा आग्रह दिसतो. आम्हीही या आग्रहातून मुक्त नाही. केंद्र सरकारच्या एका कार्यालयात हिशेबाचे कागद तपासून आम्ही पोट भरतो. खर्चाआधी मंजुरी आणि खर्चानंतर समर्थन ही सवय त्यामुळे आमच्या हाडीमाशी खिळली आहे. परंतु गेल्या उन्हाळ्यात आमच्या आठ वर्षांच्या चिरंजीवांनी जो प्रश्न आमच्यापुढे टाकला, तो या सवयीने सुटण्याजोगा नव्हता. आणि म्हणूनच तो वाचकांपुढे मांडावासा वाटतो.

प्रश्न दिसायला क्षुल्लक. बंगळूरच्या दक्षिण भागात एका जुन्या मॉलच्या सर्वांत वरच्या मजल्यावर एक बंदिस्त खेळघर आहे. २००४ साली कोरमंगलात फोरम मॉल उघडला आणि त्यानंतरच्या काही वर्षांत या शहरात अशा वास्तू भराभर उभ्या राहिल्या, त्या पिढीतले हे एक. छताखाली बंपर गाड्या, लहानसा पाळणा, पडद्यावर पळणाऱ्या मोटारी, नेम मारायच्या बंदुका आणि बाहुल्या उचलणारा यांत्रिक पंजा. चिरंजीवांनी त्याची कीर्ती शाळेत ऐकली आणि परीक्षा आटोपल्यावर तेथे नेण्याचे वचन आमच्याकडून घेतले. वचन देऊन झाल्यावर आम्ही चौकशी केली, हा आमचा पहिला प्रमाद. शेजारच्या टेबलावरचे आमचे कन्नड सहकारी हसून म्हणाले, की ते आता भंगार झाले आहे, निम्मी यंत्रे बंद असतात. जायचेच तर बिडदीच्या वंडरलात जा. २००५ साली उघडलेले ते विशाल उद्यान खरोखरच पाहण्याजोगे आहे. मात्र तेथील चौघांच्या तिकिटांचा आकडा ऐकून आमच्या सौभाग्यवतींनी महिन्याची तारीख विचारली.

तेव्हा प्रश्न असा उरला, की उतरती कळा लागलेल्या करमणुकीच्या जागी मुलाला न्यावे की नाही?

हिशेबशास्त्रात घसारा नावाची एक संकल्पना आहे. वस्तू वापरली की झिजते, झिजली की तिचे मूल्य उतरते, आणि अखेर एक दिवस ती निरुपयोगी ठरवून वहीतून कमी केली जाते. आमच्या कार्यालयातील लाकडी खुर्च्या, गजर न होणारे घड्याळ, सुटे भाग न मिळणारी टंकलेखन यंत्रे, सर्वांची गती हीच झाली. परंतु जगातील प्रत्येक वस्तूला हा नियम लागू पडत नाही. मल्लेश्वरमचे काडु मल्लेश्वराचे देऊळ जुने आहे म्हणून कोणी टाळत नाही. किंबहुना एकोजीराजांचे नाव त्याच्याशी निगडित आहे म्हणून आम्ही मराठी माणसे पाहुण्यांना आवर्जून तेथे नेतो. कस्तुरबा मार्गावरील विश्वेश्वरय्या संग्रहालयात, ज्या वास्तूचे उद्घाटन १९६२ साली पंडित नेहरूंनी केले, तेथील दालनात जुनी इंजिने मांडून ठेवली आहेत. त्यांचे जुनेपण हा दोष नसून तेच त्यांचे प्रयोजन आहे. मग खेळघराचे जुनेपण तेवढे आपल्याला का खुपावे?

याचे उत्तर, आम्हांस वाटते, त्या जागेने प्रारंभी काय विकले यात आहे. देवळाने शांती देऊ केली, संग्रहालयाने समज देऊ केली. या दोहोंना काळ लवकर शिवत नाही. खेळघराने मात्र नवल विकले. नवलाइतके नाशिवंत दुसरे काही नाही. १९७८ साली जपानमध्ये ‘स्पेस इन्व्हेडर्स’ नावाचा पडद्यावरचा खेळ निघाला आणि त्याने जग वेडे केले; आज तसले शंभर खेळ चिरंजीवांच्या आईच्या दूरध्वनीत निजलेले असतात. जे दाखविण्यासाठी दार उघडले, तेच आता प्रत्येकाच्या खिशात आले. मग त्या दारावर आठवणीखेरीज दुसरे काय उरणार?

येथे आम्हांला आपल्या जत्रा आठवतात. बसवनगुडीच्या दोड्ड बसवण्णापुढे कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी शेंगांची जत्रा भरते. कडलेकाई परिषे असे तिचे नाव. रस्त्याच्या दुतर्फा शेंगांच्या राशी, त्यांमधून वाहणारी माणसे आणि आकाशपाळणे. ते पाळणे कदाचित या खेळघराहूनही वृद्ध असतील. त्यांचा रंग उडालेला असतो आणि सांधे कुरकुरतात. तरीही जत्रा जुनी झाली असे कोणी म्हणत नाही. कारण जत्रा उठते. चार दिवसांनी तिथे रिकामा रस्ता असतो आणि वर्षाने ती पुन्हा भरते. तिला शेवट आहे म्हणून तिला प्रारंभ आहे. छताखालच्या खेळघराला सकाळ नाही, संध्याकाळ नाही, ऋतू नाही. ते रोज उघडते, आणि रोज उघडणाऱ्या उत्सवाला उत्सव म्हणणे कठीण.

अशा जागांचे आयुष्यही थोडेच असते. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर स्टीपलचेस नावाचे उद्यान होते. १९०७ साली ते आगीत भस्मसात झाल्यावर मालकाने पोलाद व काच यांचे एक प्रचंड मंडप-खेळघर उभारले. १९६४ साली ते बंद पडले. १९६६ साली जागेच्या नव्या धन्याने पाडापाडीचा सोहळा करून आमंत्रित पाहुण्यांच्या हाती काचा फोडण्यासाठी विटा दिल्या. आपल्याकडे दिल्लीचे अप्पू घर १९८४ साली उघडले आणि २००८ साली मिटले. मुंबईजवळ गोराईचे एस्सेलवर्ल्ड १९८९ साली उघडले, तेही २०२२ साली मिटले. यांपैकी एकाही जागेने आयुष्याची शंभरी पाहिली नाही. ज्यांनी तेथे बालपणीच्या किंकाळ्या मारल्या, ती माणसे मात्र जागा गेल्यावर हळहळत राहिली. हळहळणाऱ्यांपैकी शेवटच्या वर्षांत तेथे तिकीट काढून गेले किती, हा प्रश्न विचारला तर बहुतेकांस मान खाली घालावी लागेल.

इथवर विचार करून आम्ही एका शनिवारी चिरंजीवांना घेऊन निघालो. सहकाऱ्यांचे वृत्त खरे होते. प्रवेशद्वारीच्या विदूषकाचा एक डोळा विझलेला होता. पैसे रोख चालत नव्हते. आधी कार्ड घ्यायचे, त्यात रक्कम भरायची, आणि उरलेली परत मिळत नाही अशी पाटी. आम्ही आत शिरताच, तपासणीस जसा कोठारात शिरतो तसे, मोजू लागलो. अठ्ठावीस यंत्रे, त्यांतील अकरांवर ‘बंद आहे’ असा कागद चिकटविलेला. ही बंद, तीही बंद, त्या मोटारीचे सुकाणू फिरत नाही, असे आम्ही मोठ्याने म्हणत पुढे चाललो. चिरंजीव काही पावले निमूट चालले आणि मग थांबून म्हणाले, “बाबा, तुम्ही बंद असलेलीच का मोजताय? चालू आहेत त्यांत मी कधी बसायचं?”

आम्ही ओशाळलो. मुलाने पाहण्यापूर्वीच त्याच्या वतीने निराश होण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिला होता? त्याच्या हिशेबी तेथे सतरा यंत्रे चालू होती. आमच्या हिशेबी अकरा बंद होती. दोन्ही नोंदी बरोबर होत्या. मात्र त्या दुपारचा ताळेबंद मांडण्याचा हक्क त्याचा होता.

तथापि मुलाचा आनंद हाच निकाल मानून लेखणी खाली ठेवावी, इतकी ही गोष्ट सोपी नाही. कारण अर्ध्या तासाने चिरंजीव त्याच आनंदाने त्या यांत्रिक पंजापुढे उभे राहिले. काचेच्या पेटीत बाहुल्यांचा ढीग. पंजा खाली जातो, बाहुली धरतो, उचलतो, आणि दाराशी येता येता सोडून देतो. अशा अनेक यंत्रांत पंजाची पकड केव्हा घट्ट व्हावी आणि केव्हा ढिली राहावी, हे चालकाला आतून ठरविता येते. खेळणाऱ्यास वाटते, आपला नेम किंचित चुकला. वस्तुतः नेमाचा तेथे फारसा संबंधच नसतो. चौथ्यांदा बाहुली पडली तेव्हा मुलाचे डोळे जुगाऱ्याच्या डोळ्यांसारखे लकाकले, आणि आम्हांस भय वाटले. आम्ही त्याला बाजूस घेऊन ती युक्ती सांगितली. तो खट्टू झाला, पण क्षणभराने म्हणाला, “मग ते लिहून का नाही ठेवत?” त्याला उत्तर देणे आम्हांस जमले नाही.

त्या क्षणी आमच्या ध्यानात आले, की आम्ही दोन निराळे प्रश्न एकाच पिशवीत भरून आणले होते. जागा जुनी आहे का, हा एक. आणि जागा प्रामाणिक आहे का, हा दुसरा. पहिल्याचा नीतीशी काही संबंध नाही. कुरकुरणारी बंपर गाडी हा कोणाचा अपराध नव्हे. दुसऱ्याचा मात्र आहे; आणि तो जुन्या जागेस जितका लागू पडतो तितकाच चकचकीत नव्या जागेसही. तो पंजा नव्या मॉलमध्येही असतो, तेथे त्याला फक्त दिवे अधिक असतात. उरलेली रक्कम गिळणारे कार्डही तेथे असते. परंतु आपण जुन्यावर जुनेपणाचा ठपका ठेवतो आणि नव्याच्या नवेपणामुळे त्याचे लबाडपण पाहावयास विसरतो. ही तपासणी नव्हे, हा पक्षपात होय.

तेथे एक सेवक होते, चाळिशीपुढचे. जागा उघडली तेव्हापासून ते तेथेच आहेत. बंपर गाडी मध्येच अडली तेव्हा ते चपळाईने आले, एक तार हलविली, आणि गाडी निघाली. सुटे भाग आता मिळत नाहीत; एका बंद गाडीतले काढून दुसरीत घालतो, असे त्यांनी मोडक्या हिंदीत सांगितले. त्या अकरा बंद यंत्रांपैकी काही उरलेल्या सतरांना जगविण्यासाठी बंद होती! आमच्या मनात दया दाटून आली, आणि त्याच दयेपोटी कार्डात आणखी दोनशे रुपये भरावे असे वाटले. पण मग आम्ही स्वतःस आवरले. त्या माणसाने दान मागितले नव्हते. आपले काम तो नेटाने करीत होता. कीव येऊन काढलेले तिकीट हे तिकीट नसून भीक असते, आणि ती न मागणाऱ्याच्या हाती ठेवणे हा त्याचा उपमर्द होय. एखाद्या जुन्या जागी जावे ते तेथे आपल्याला काही मिळते म्हणून. ती मरू नये एवढ्याचसाठी नव्हे.

मग तेथे काय मिळाले? डच इतिहासकार हुइझिंगा यांनी १९३८ साली ‘होमो लुडेन्स’ या ग्रंथात खेळाचा विचार केला. खेळ हा नित्य व्यवहाराबाहेर, स्वतःच्या सीमेत आणि स्वतःच्या नियमांनी चालतो, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय आहे. त्या कसोटीवर यंत्राचे वय गौण ठरते. सीमा आखली गेली की नाही, एवढेच महत्त्वाचे. हवेच्या झोताने सरकणाऱ्या तबकडीच्या मेजावर आम्ही आणि चिरंजीव समोरासमोर उभे राहिलो. मेजाची एक बाजू हवा सोडीत नव्हती, त्यामुळे तबकडी तेथे अडे. तेव्हा चिरंजीवांनी तत्काळ नियम केला, की तेथे अडली तर दोघांनी मिळून फुंकर घालायची. आम्ही दोघांनी मेजावर वाकून फुंकर घातली, आणि किती वर्षांनी कोण जाणे, आम्ही मनापासून हसलो. ते मेज नीट चालले असते तर तो नियम झाला नसता. म्हणून मोडके मेज चांगले, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. पूर्ण पैसे घेणाऱ्याने पूर्ण मेज द्यावे हेच न्याय्य. आमचे म्हणणे इतकेच, की त्या दुपारी मिळालेला आनंद यंत्राच्या खाती जमा नव्हता, म्हणून यंत्राबरोबर तो झिजलाही नव्हता.

तात्पर्य, अशा जागी जावे की न जावे? आमचे मत असे. जे नवलासाठी जातील त्यांनी जाऊ नये. त्यांची निराशा ठरलेली आहे. जे केवळ आठवणीसाठी जातील त्यांनी विचार करून जावे, कारण आठवणीतला विदूषक दोन्ही डोळ्यांनी हसत असतो. परंतु ज्याच्याबरोबर खेळायचे तो माणूस सोबत असेल, खिशातील मर्यादा आधी ठरविली असेल, आणि लबाडी दिसेल तेथे तिला लबाडी म्हणण्याची तयारी असेल, तर अवश्य जावे. मुलांना नेताना मात्र आपली यादी घरी ठेवावी. त्यांना चालू असलेली मोजता येतात. ती विद्या आपण विसरलो आहोत.

आमच्या कार्डात त्या दिवशी साठ रुपये उरले. पाटीनुसार ते परत मिळावयाचे नाहीत. हिशेबाच्या दृष्टीने ही रक्कम बुडीत धरावी, हे आम्हांस कळते. परंतु चिरंजीवांनी ते कार्ड आपल्या कंपासपेटीत ठेवले आहे, आणि तबकडीचा उलटडाव बाकी आहे असे ते रोज जेवताना स्मरण देतात. आम्ही त्यांना तारीख दिली आहे. सरकारी कचेरीतून मिळालेल्या तारखांचा वाचकांस जो अनुभव असेल तो असो. ही तारीख पाळण्याचा आमचा निश्चय आहे.