वरच्या फळीवरचे पुस्तक

१९६२ सालच्या ‘रंभा’ दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ ही कथा छापून आली आणि तिच्यावर अश्लीलतेचा खटला उभा राहिला. खालच्या न्यायालयाने लेखकाला सोडले, पण उच्च न्यायालयाने दोषी ठरवले. १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. त्या निकालात किशोरवयीन वाचकांचा विचार मुद्दाम केलेला आहे. कथेतल्यासारखे प्रसंग वाचले एवढ्यानेच मुले बिघडतील, असे खात्रीने म्हणता येत नाही. पुढे आयुष्यातही अशा प्रसंगांशी त्यांची गाठ पडू शकते, असे न्यायालयाने म्हटले. असा प्रसंग कोणत्या दृष्टीने सांगितला आहे, हे न्यायालयाने पाहिले.

सिनेमाला ‘ए’ प्रमाणपत्र असते, तसा कादंबरीवरही वयाचा शिक्का हवा, असे आज अनेक पालकांना वाटते. त्यामागे मुलांची काळजी आहे; ती झिडकारू नये. पण पडद्यावरचे दृश्य आयते अंगावर येते, तर पानावरचे वाक्य प्रत्येक वाचक आपल्या समजुतीच्या बेताने रंगवतो. शिवाय बाईवरच्या अत्याचाराचे वर्णन चटक लावण्यासाठी करता येते आणि तिचे दुःख वाचकाला कळावे म्हणूनही करता येते. शिक्क्याला दोन्ही सारखीच. ज्या मुलीने असे काही सोसले आहे, तिच्या हातून तर तो नेमके तिला धीर देणारे पुस्तकच काढून घेईल.

आत काय आहे, हे प्रकाशकाने मलपृष्ठावर स्पष्ट सांगावे. कोणी वाचावे, हे मात्र मुलाला ओळखणाऱ्या माणसांनी ठरवावे. त्यासाठी त्यांनीही ते पुस्तक वाचलेले असावे.

शाळेत असताना मी गावच्या वाचनालयात वरच्या फळीवरची एक कादंबरी मागितली होती. ग्रंथपालकाकांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले, वहीत नोंद केली आणि म्हणाले, “वाचून झाली की काय वाटलं ते सांग हं.” पुस्तक परत करताना मी अडखळत एक प्रश्न विचारला. त्यांनी हातातले काम बाजूला ठेवले आणि समोरची खुर्ची पुढे ओढली.

त्यांचे उत्तर आता आठवत नाही. ती खुर्ची आठवते.