काजळी कोणाची?

माणसाला स्वतःची पाठ दिसत नाही, ही देवाची मोठी कृपा आहे. मोटारीची पाठ मात्र दिसते, आणि माझ्या संकटाला तिथूनच सुरुवात झाली.

आमची गाडी 14 वर्षांची, पेट्रोलवर चालणारी आणि मागून कपाटासारखी सरळ कापलेली. रंग पांढरा. काळ्या मातीच्या मुलखात पांढरी गाडी घेणं म्हणजे आशावादाची कमाल आहे, हे मला मान्य आहे. एका सकाळी तिच्या डिकीच्या दारावर काळपट, तेलकट थर दिसला. ती धूळ नव्हती. जालन्याच्या माणसाला धुळीची ओळख करून द्यावी लागत नाही. धूळ फुंकर मारली की उडते आणि शेजारच्या ओट्यावर जाऊन बसते. हे प्रकरण बोटाला चिकटत होतं आणि पाणी मारलं की नुसतंच पसरत होतं.

"हे कोणी केलं?" मी ओरडलो.

वाचकहो, हा प्रश्न ध्यानात ठेवा. मराठीत अशा वेळी विचारण्याजोगे दोन प्रश्न आहेत. "हे कशाने झालं?" हा एक आणि "हे कोणी केलं?" हा दुसरा. पहिल्याचं उत्तर मिळवायला गुडघे टेकून गाडीखाली बघावं लागतं. दुसऱ्याचं उत्तर साधारणपणे समोरच उभं असतं. त्या दिवशी ते हातात ओलं फडकं घेऊन उभं होतं.

आमच्या गल्लीतल्या आठ गाड्या एक नववीतला मुलगा सकाळी शाळेच्या आधी पुसतो. माझ्या गाडीचे महिन्याला 400 रुपये. मी फडक्याकडे पाहिलं. फडकं काळं होतं. झालं, पुरावा मिळाला. गाडी काळी, फडकं काळं, आणि फडकं याच्या हातात.

"काका, मी रोज पुसू राहिलो. रोज येऊ राहिलं," तो म्हणाला.

गुन्हेगार असंच बोलतात, असं मी मनात म्हटलं. त्या महिन्याचे 100 रुपये कापले. पुढच्या पंधरवड्यातही काळं आलं, तेव्हा त्याला येऊ नको म्हणून सांगितलं.

आपल्याकडे न्यायशास्त्रात यावर एक सुंदर उदाहरण आहे. घडा कशामुळे झाला? मातीमुळे, कुंभारामुळे, त्याच्या चाकामुळे आणि दांड्यामुळे. मग माती वाहून आणणारं गाढव? ते बिचारं घडा व्हायच्या आधी हजर होतं, पण ते कारण नव्हे. शास्त्रकार त्याला 'अन्यथासिद्ध' म्हणतात. तात्पर्य, हजर असणं म्हणजे कारण असणं नव्हे. कॉलेजात हे मी मार्कांसाठी पाठ केलं होतं. आमच्या प्रकरणात गाढव कोण, ते पुढे येईलच.

मुलाला काढल्यावर मी स्वतः गाडी पुसू लागलो. नवं फडकं, कोरी बादली. चौथ्या दिवशी डिकीवर काळं हजर! आता मात्र विचार करणं भाग पडलं. जालन्यात रोलिंग मिल्स पुष्कळ आहेत, पण इथे उपयोगी पडला तो लंडनचा मिल. जॉन स्टुअर्ट मिलने 1843 साली तर्कशास्त्रावरच्या ग्रंथात कारण शोधायची रीत सांगितली आहे. एकच गोष्ट वजा करा आणि परिणाम जातो का ते बघा. मी मुलगा वजा केला होता, काळं तसंच होतं. म्हणजे मुलगा कारण नव्हता. प्रयोग अगदी शास्त्रशुद्ध झाला. फक्त जो वजा झाला त्याचे 400 रुपये कोणी द्यायचे, याचा विचार प्रयोगात नव्हता.

एवढं कळल्यावर मी शहाणं व्हायला हवं होतं. पण मी दुसरा माणूस शोधू लागलो. आमचा जिल्हा 1 मे 1981 ला निराळा झाला. त्याआधी इथल्या कुठल्याही गैरसोयीचा दोष थेट औरंगाबादला पाठवता येई. ती सोय गेल्यापासून आम्हाला गावातल्या गावात भागवावं लागतं. गावात काहीही काळं झालं की बोट आधी भट्ट्यांच्या धुराकडे जातं, तसं माझंही गेलं. मग शेजाऱ्यांच्या डिझेल जीपकडे गेलं. सौ. शांतपणे म्हणाल्या, "वरून पडलं असतं तर टपावर पडलं असतं. जीपमुळे झालं असतं तर ती उभी असते त्या बाजूला असतं. टप पांढरा आहे, दोन्ही बाजू पांढऱ्या आहेत. तुमच्या गाडीची फक्त पाठच कशी काळी?"

सौ.नी मिल वाचलेला नाही. त्यांना गरजही नाही.

शेवटी गाडी मिस्त्रीकडे नेली. त्याने ती रात्रभर ठेवून घेतली आणि सकाळी मला बोलावून माझ्यासमोर पहिल्यांदा सुरू केली. सायलेन्सरमधून निळसर धुराचा एक लोट आला आणि थोड्या वेळाने विरला. "साब, नीला धुआँ मतलब ऑइल जल रहा. काला होता तो पेट्रोल जादा समझो. सर्दी में सफेद दिखा तो पानी की भाप." मग त्याने प्लग काढून दाखवला. बरा प्लग फिकट तपकिरी असतो. माझा काळाकुट्ट आणि ओला होता. ऑइल बघायची कांडी काढली तर ऑइल तिच्या टोकाला जेमतेम लागलेलं. व्हॉल्व्हच्या रबरी सील कडक झाल्या होत्या. रात्री गाडी उभी असताना ऑइल हळूहळू खाली झिरपायचं आणि सकाळी जळायचं.

"पण धूर तर मागे राहतो," मी म्हणालो. "गाडी पुढे जाते. मग तो गाडीला चिकटतो कसा?"

हे त्याने हाताने समजावून सांगितलं. गाडी धावते तेव्हा तिच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो. ती जागा भरायला आजूबाजूची हवा गरगरत आत शिरते आणि येताना चाकांनी उडवलेली धूळ, सायलेन्सरचा धूर, सगळं घेऊन येते. गाडीची पाठ जितकी सरळ, तितकं ते तिथेच बसतं. म्हणूनच अशा आखूड गाड्यांच्या मागच्या काचेलाही वायपर देतात. लांब डिकीच्या गाड्यांना बहुधा तो नसतो. मला वाटायचं, आपण सोडलेला धूर मागच्यांच्या नशिबी जातो. त्यातला थोडा आपल्याच पाठीवर येऊन बसतो, हे मला त्या गॅरेजात कळलं.

मिस्त्रीने हात पुसले आणि म्हणाला, "गाडी तुमारी, धुआँ तुमारा, और नाम छोकरे का?"

सील बदलल्या आणि मी त्या मुलाच्या घरी गेलो. दारात त्याची आई होती. मी सुरुवात केली. सील कशा कडक होतात, ऑइल कसं झिरपतं, हवेचा दाब कसा कमी होतो, गाडी 14 वर्षांची झाली की असं होणारच, मीही कामाच्या रगाड्यात ऑइल बघायचं राहून गेलं. दहा मिनिटं बोललो. मिस्त्रीने मला समजावलं त्याहून सुबक समजावलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे पोराची चुकी नव्हती ना?"

"नव्हती."

"मंग तेवढंच सांगा ना, दादा."

मला दहा मिनिटांत जे जमलं नव्हतं, ते बाईंनी एका वाक्यात उरकलं. परत येताना लक्षात आलं, की मुलाच्या वेळी मी "कोणी केलं?" विचारलं होतं. माझी पाळी आली तेव्हा प्रश्न आपोआप "कशाने झालं?" असा झाला. त्याची ती चूक आणि माझी झाली की सील, दाब आणि गाडीचं वय! दुसऱ्याच्या कृत्यामागे माणूस असतो, आपल्या कृत्यामागे कारणं असतात. कारणं खोटी नसतात, हीच तर पंचाईत आहे. माझं प्रत्येक वाक्य खरं होतं. फक्त ज्या एका वाक्यासाठी गेलो होतो, तेच त्यात नव्हतं. मूर्खांची लक्षणं तपशीलवार लिहून ठेवणारे समर्थ रामदास 1608 साली आमच्याच जिल्ह्यातल्या जांबेत जन्मले. त्यांच्या काळी मोटारी नव्हत्या, त्यामुळे हे लक्षण लिहायचं माझ्यापर्यंत राहिलं असावं.

मुलाला कापलेले 100 आणि बुडालेल्या दिवसांचे पैसे दिले. त्याने ते मोजून घेतले, आणि दुसऱ्या दिवशी आलाही. काळं आता येत नाही. धूळ येते, आणि गाडी चालते आहे तोवर ती येतच राहणार. "काका, धूळ माझ्याकडं लागली," तो म्हणाला, "ऑइल तेवढं तुमी बघत जा." एवढी सरळ कामाची वाटणी मी ऑफिसात कधी पाहिली नाही.

त्या संध्याकाळी घरात शिरलो तर सौ. म्हणाल्या, "अहो, तुमच्या शर्टाच्या पाठीला काळं लागलंय."

"कोणी लावलं?" मी विचारलं.