मोबदल्यानंतर उरणारी जागा

जमिनीची पुरेपूर किंमत चुकती केल्यावर त्या जागेचे काही देणे घेणाऱ्याकडे उरते का? कायद्याच्या लेखी उरत नाही. माझ्या मते उरते. कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटातली एक मोडीत निघालेली खासगी धावपट्टी याची उत्तम साक्ष देते. 1930 मध्ये अमीलिया इअरहार्टचा वेगाचा विक्रम मोडणाऱ्या फ्लॉरेन्स ‘पांचो’ बार्न्स हिने 1935 मध्ये रॉजर्स या कोरड्या तळ्याजवळ 80 एकरांचे लसूणघासाचे शेत घेतले. जनावरे पाळून शेजारच्या लष्करी छावणीला दूध आणि मांस पुरवले, विमानांसाठी मातीची धावपट्टी केली. पुढे खाणावळ, नाचघर, पोहण्याचा तलाव असे करत ‘हॅपी बॉटम रायडिंग क्लब’ उभा राहिला. 14 ऑक्टोबर 1947 रोजी ध्वनीच्या वेगापुढे गेलेल्या चक येगरच्या बरगड्या त्याआधी दोनच दिवस इथल्याच घोडेस्वारीत मोडल्या होत्या. मग हवाई दलाला तळ वाढवण्यासाठी ही जमीन हवी झाली. पांचोने वकिलावर न विसंबता स्वतः खटला लढवला. तो चालू असतानाच नोव्हेंबर 1953 मध्ये क्लबला आग लागली. शेवटी साडेतीन लाख डॉलरहून अधिक मोबदला मिळाला आणि जागा गेली. जिच्यासाठी हा खटाटोप झाला ती वाढीव धावपट्टी तिथे बांधली गेलीच नाही.

आता ‘स्थानपोथी’ आठवावी. तेराव्या शतकात चक्रधरस्वामी जिथे राहिले, बसले, निजले, त्या जागांची गावोगावची नोंद महानुभावांनी या ग्रंथात ठेवली. वाडे पडले, मठ्या गेल्या, तरी अनुयायी त्या ठिकाणी नमस्कार करतात. त्यांच्या विचारात ते स्थान स्वतः ईश्वर नाही. त्याला मान आहे तो तिथे घडलेल्या संबंधामुळे. आणि असा संबंध उचलून दुसरीकडे नेता येत नाही. दुसऱ्या गावी तसाच ओटा बांधला तरी ते स्थान होत नाही. पांचोने मोबदल्याच्या पैशातून कँटिलजवळ नवी जमीन घेतली, नव्याने सुरुवात करायची उमेद धरली. पण तो क्लब पुन्हा उभा राहिला नाही. माणूस तेच, हाती पैसाही होता. जे गेले ते पैशाने मोजलेल्या वस्तूंपैकी नव्हते, याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

वैमानिकांच्या नाचगाण्याच्या अड्ड्याला स्थानांच्या पंगतीला बसवणे कुणाला खटकेल. मी त्याला पवित्र म्हणत नाही. घडलेल्या गोष्टीचा संबंध जागेशी जडतो एवढेच तत्त्व घेतो, आणि ते देवापुरते मर्यादित मानायला कारण दिसत नाही. अधिक भारी आक्षेप तुकोबांच्या बाजूने येतो: तीर्थांपेक्षा सज्जनांची संगत त्यांना मोलाची होती; मग जागेचे एवढे कौतुक कशाला? पण संगतीलाही बसायला भूमी लागते, आणि ती उठवली की संगत पांगते. पांचोच्या क्लबात तेच झाले. तिसरा आक्षेप व्यवहाराचा. प्रत्येक तुकड्याशी कुणाचा ना कुणाचा संबंध असतोच, मग रस्ता आणि धरण व्हायचे कुठे? तर भूसंपादन थांबवावे असा माझा दावा नाहीच. आपल्या 2013च्या कायद्याने मोबदल्याइतकीच दिलासा रक्कम ठेवली, म्हणजे बाजारभावाने हिशेब मिटत नाही हे त्याने मान्य केले. पण उरलेली बाकीही त्याने पुन्हा पैशातच मांडली. ती फेडायची तर जागेवर खूण राखावी लागते आणि संबंधितांना वाट मोकळी ठेवावी लागते.

1975 मध्ये पांचो वारल्यावर हवाई दलाच्या परवानगीने तिच्या मुलाने विमानातून तिची रक्षा त्या जागेवर सोडली; पुढे तळावरचे लोक तिच्या आठवणीसाठी तिथे जमत आले. हे सौजन्य झाले. ते घेणाऱ्याच्या मर्जीवर राहू नये. परत येण्याचा हक्क भूसंपादनाच्या आदेशातच लिहिलेला असला पाहिजे, मोहावीत आणि आपल्याकडच्या धरणांखाली गेलेल्या गावांसाठीही.