अंतर मोजणारे यंत्र

लांबून ससे टिपणारे परदेशी शिकारी लेसरचे अंतरमापक यंत्र पारखून घेतात. त्यांचे म्हणणे असे की, अंतर अचूक कळले तर जनावर जखमी होऊन तडफडत नाही. हे म्हणणे खोटे नव्हे. परंतु ख्रिस्तसभेचा १९९२ सालचा धर्मशिक्षणग्रंथ प्राण्यांच्या निष्कारण यातनेसोबत निष्कारण मृत्यूही निषिद्ध मानतो. केवळ नेमबाजीच्या हौसेपायी घेतलेला जीव सकारण कसा म्हणावा? (पोटासाठी फासे लावणाऱ्याचा प्रश्न निराळा, आणि अधिक अवघड.) आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत १९७२ च्या कायद्याने सशाच्या शिकारीलाही बंदी आहे. ताडोब्यात मात्र हेच यंत्र प्राणिगणनेसाठी वापरतात. किरण चितळापर्यंत जाऊन परततो. वहीत अंतर नोंदले जाते. चितळ चरत राहते.