जुने होणे आणि जुने करणे

नीतिशास्त्राच्या ग्रंथांत जे प्रश्न चर्चेस घेतलेले असतात ते बहुधा मोठ्या माणसांवर ओढवलेले असतात. राजाने दिलेला शब्द पाळावा की राज्य राखावे, सेनापतीने शत्रूशी खोटे बोलावे की नाही, असल्या प्रसंगांची तेथे रेलचेल असते. सामान्य मनुष्याला मात्र सत्यासत्याचा निवाडा करावा लागतो तो दुकानाच्या ओट्यावर किंवा पावतीवर आकडा मांडताना. आणि त्या वेळी त्याच्या मदतीस कोणी ग्रंथकार धावून येत नाही. गेल्या दिवाळीच्या सुटीत मोहोळ येथे एका पेंटरने आम्हांस असाच एक प्रश्न विचारला. इतकी वर्षे महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवूनही त्याचे उत्तर आम्हांस तिथल्या तिथे देता आले नाही, हे कबूल करूनच पुढील विवेचनास आरंभ करतो.

मोहोळ हे आमचे मूळ गाव. सोलापूरहून पुण्याकडे निघाले म्हणजे सुमारे ३५ किलोमीटरवर हे तालुक्याचे ठिकाण लागते. नागनाथाचे गाव म्हणून त्याची ख्याती आहे, आणि पंढरपूरचा रस्ता येथूनच फुटतो. त्या रस्त्याच्या कडेला पत्र्याच्या एका शेडमध्ये एक सुतार आणि एक पेंटर मिळून धंदा करतात. दोघेही साठीच्या घरातले. प्लायवूडच्या तयार कपाटांनी सुताराचे काम नेले आणि फ्लेक्सने पेंटरचे. एके काळी आसपासच्या किराणा दुकानांच्या पाट्या, शाळांच्या भिंतींवरील सुविचार, पतसंस्थांची नावे, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागील अक्षरे हे सारे ह्याच पेंटरच्या हातचे असे. संगणकावर तासाभरात छापून मिळणारा फलक आल्यावर दोन दिवस शिडीवर उभे राहून अक्षरे काढणारा मनुष्य कोणास हवा? काही वर्षे त्याने लोकांची घरे रंगवून दिवस काढले. पुढे दोघांनी एकत्र येऊन नवा उद्योग काढला.

गावोगावचे जुने वाडे पडत आहेत. त्यांतील कपाटे, आरामखुर्च्या, बैठी डेस्के, देव्हारे, दारांच्या चौकटी हे सामान भंगाराच्या भावाने घ्यायचे, दुरुस्त करायचे आणि विकायचे, असा हा उद्योग. ज्या फळ्या दुसऱ्या कशाच्याच उपयोगाच्या उरत नाहीत त्यांवर पेंटर पाट्या रंगवतो: ‘चपला बाहेर काढाव्यात’, ‘आज रोख उद्या उधार’, ‘घरगुती जेवण मिळेल’. गिऱ्हाईक बहुधा पुण्याकडचे. कोणी महामार्गावरील हॉटेलवाले, कोणी कृषिपर्यटन केंद्राचे मालक, तर कोणी शेतावर सुटीपुरते घर बांधलेले नोकरदार.

ही कामे पाहत बसणे हा आमचा सुटीतील विरंगुळा आहे. सुतार प्रथम हत्यार उचलीत नाही. तो कपाट उलटे करून बोटांनी ठोकतो व आवाज ऐकतो. वाळवीने आतून पोखरलेले लाकूड निराळे बोलते. मग गंजलेले खिळे काढणे, सैल झालेले सांधे मोकळे करून पुन्हा बसवणे, सडलेला भाग तेवढाच कापून तेथे त्याच जातीच्या जुन्या लाकडाचा तुकडा जोडणे, पॉलिशपेपरने घासणे, आणि शेवटी स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचे पॉलिश कापडाच्या बोळ्याने थरावर थर देणे, असा क्रम चालतो. पेंटरही असाच सावकाश. खडूने माखलेली दोरी फळीवर ताणून तो रेघ उठवतो, अक्षरांची जागा मोजतो, आणि अक्षरे काढून झाल्यावर त्यांवरून शिरोरेषा श्वास रोखून एका ओढीत नेतो.

ह्या दुकानात, आम्ही बसलो असता, नुकतेच हॉटेल काढलेला एक तरुण आला. त्यास जुन्या सागवानी फळीवर पाटी हवी होती. मजकूर त्याने लिहूनच आणला होता: हॉटेलचे नाव आणि त्याखाली ‘स्थापना १९३२’. रंग वाळल्यावर पाटीच्या कडा घासाव्यात, चार ठिकाणी रंग उडवावा, साखळीने दोन-चार टोचे पाडावेत, आणि अक्षरेही ‘जरा वाकडी काढा, गावठी वाटली पाहिजेत’, असे त्याने बजावले. मोबदला नेहमीच्या दुप्पट. तो गेल्यावर पेंटर आमच्याकडे वळून म्हणाला, “सर, घासायचं काम आम्ही रोजच करतो, त्याचं काही वाटत न्हाई. पण हे साल लिवताना हात अडकतोय. आता घासणं खरं आन् साल खोटं, असं कसं म्हणायचं? दोन्हीतबी नव्याचं जुनंच करायचंय की.”

प्रश्न दिसतो त्याहून खोल आहे.

सुतार आणि चित्रकार ही जोडी तत्त्वज्ञानास नवी नाही. प्लेटोने ‘रिपब्लिक’च्या दहाव्या भागात ह्याच दोघांना शेजारी उभे केले आहे. पलंगाचे मूळ तत्त्व हे पहिले, त्याबरहुकूम सुताराने केलेला पलंग दुसरा, आणि चित्रकाराने काढलेले पलंगाचे चित्र तिसरे. म्हणून चित्रकार सत्यापासून अधिक दूर, असा त्याचा निर्णय. परंतु पाटी रंगवणाऱ्यास हा न्याय लागत नाही. पाटी हे कशाचेही चित्र नसून ते एक विधान आहे. पलंगाचे चित्र चांगले किंवा वाईट असेल. ‘येथे जेवण मिळेल’ हे वाक्य मात्र खरे किंवा खोटेच असते. दुकानाने रस्त्याला दिलेला तो शब्द आहे.

रस्किनचा विचार येथे अधिक उपयोगी पडतो. १८४९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द सेव्हन लॅम्प्स ऑफ आर्किटेक्चर’ ह्या ग्रंथात त्याने लाकडावर संगमरवराचा भास रंगवण्याचा कडक निषेध केला. इमारतीवरील सोनेरी मुलाम्यास मात्र दोष दिला नाही. इमारतीचे ते अंग भरीव सोन्याचे आहे असे कोणी समजत नाही. दागिन्याच्या बाबतीत तसे समजले जाते, म्हणून तेथे तोच मुलामा फसवणूक ठरतो. तात्पर्य, खोटेपणा रंगात नसतो. पाहणाऱ्याची जी समजूत होते आणि ती करून देण्याचा जो हेतू असतो, त्यांत तो असतो. नाटकातील नट राजाचा वेष घेतो तेव्हा प्रेक्षागृहातील कोणीही फसत नाही. तोच नट त्याच वेषात सावकाराकडे कर्ज मागू लागला तर गोष्ट निराळी.

ह्या न्यायाने पेंटरच्या प्रश्नाचे उत्तर सोपे वाटते. घासलेल्या कडा हा वेष, आणि ‘१९३२’ हे विधान. वेष क्षम्य, विधान अक्षम्य. आम्ही जवळजवळ हेच उत्तर देणार होतो. परंतु न बोलताही विधान करता येते, हे आम्हांस स्वतःच्या अनुभवावरून ठाऊक होते. म्हणून जीभ अडखळली.

तो अनुभव असा. तीन वर्षांपूर्वी आमच्या आजोबांचे कपाट आम्ही ह्याच सुताराकडून दुरुस्त करवून घेतले. आजोबा प्राथमिक शाळेत शिक्षक. हे कपाट त्यांनी सोलापुरास एका गिरणीतील कारकुनाकडून जुनेच विकत घेतले होते. पुढे त्याची पाठ सडली तेव्हा आमच्या वडिलांनी चहाच्या खोक्याची फळी ठोकून ती झाकली. त्या फळीवर छापील अक्षरे होती. लहानपणी ती वाचण्याचा आम्हांस छंद होता. दुरुस्तीच्या वेळी सुताराने विचारले, “ही फळी ठेवायची का सर? मजबूत आहे.” आम्ही ती काढावयास सांगितली. पॉलिश होऊन कपाट आमच्या शहरातील बैठकीत आले, आणि एके दिवशी एका विद्वान स्नेह्यांनी त्यावरून हात फिरवीत म्हटले, “वा! एखाद्या सरदाराच्या वाड्यातले दिसते.” आम्ही हसलो. ‘नाही’ म्हटले नाही. घरातील मंडळीही ऐकत होती. तीही गप्प राहिली. तेव्हापासून आमच्या बैठकीत ते सरदारी कपाट म्हणूनच नांदत आहे.

ह्या हसण्यात आम्ही काय केले? कोणाचा एक पैसाही घेतला नाही. तथापि आजोबांनी तुटपुंज्या पगारातून काढलेले पैसे, त्या अनोळखी कारकुनाचा संसार, वडिलांनी स्वतः ठोकलेली फळी, ह्या साऱ्यांचे श्रेय आम्ही उचलून एका काल्पनिक सरदारास दिले. जुनेपणाचे मोल आम्हांस हवे होते. जी माणसे त्या वस्तूबरोबर जुनी झाली ती नको होती.

येथेच प्रश्नाचे मर्म आहे असे आम्हांस वाटते. जुनेपण हा केवळ वस्तूचा रंग नव्हे. कोणीतरी ती वस्तू वापरली, सांभाळली, मोडली तेव्हा जोडली, ह्याची ती खूण असते. १९३२ साली खरोखरच खानावळ काढलेल्या घरात नव्वदांहून अधिक वर्षे रोज सकाळी कोणीतरी चूल पेटवली असेल. उधाऱ्या बुडाल्या असतील. दुष्काळात ताटे कमी झाली असतील. ते साल ही त्या श्रमांची मिळकत होय. दुप्पट मोबदला देऊन ते नव्या फळीवर लिहून घेणे म्हणजे पेरणी न करता दुसऱ्याच्या शेतातील कणसे खुडण्यासारखे आहे. ‘ह्यात नुकसान कोणाचे?’ ह्या प्रश्नास हे उत्तर आहे: ज्यांनी ते साल कमावले त्यांचे.

ह्याच दृष्टीने पाहता दुरुस्ती आणि बनावट ह्यांतील भेदही स्पष्ट होतो. सुतार सडलेला भाग कापून नवा तुकडा जोडतो तेव्हा तो वस्तूचे आयुष्य पुढे नेतो. साखळीने टोचे पाडणारा न घडलेले आयुष्य मागे जोडतो. विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये इंग्लंडात जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था स्थापिली तिचा रोखही हाच होता: नित्य डागडुजी करा, परंतु गेलेला काळ पुन्हा घडवल्याचा आव आणू नका. आणि आपल्याकडे कौटिल्याने तर जुन्या मालाच्या व्यापारास मानाचे स्थान दिलेले आहे. अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणात व्यापाऱ्यांपासून प्रजेचे रक्षण सांगणारा अध्याय आहे. त्याचा आरंभच जुन्या वस्तूंपासून होतो. मालकी शुद्ध असेल तर त्या विकण्यास वा गहाण ठेवण्यास मुभा. परंतु लाकडाची, लोखंडाची वा रत्नाची हीन वस्तू अस्सल म्हणून विकणाऱ्यास किमतीच्या आठपट दंड. जुने विकणे लाजिरवाणे नाही; दुसरेच काही म्हणून विकणे लाजिरवाणे आहे.

राहता राहिली वाकड्या अक्षरांची गोष्ट. आम्हांस ती सालाइतकीच बोचली. ज्याने आयुष्यभर हात सरळ राखण्याची साधना केली, त्याला पैसे देऊन हात वाकडा करावयास सांगणे, आणि त्या वाकडेपणास ‘गाव’ म्हणणे, ही कोणती आवड? पाटी रंगवणाऱ्याचा हात हलका समजू नये. येथून जवळच पंढरपुरात १९१५ साली जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन ह्यांनी मुंबईत सिनेमाचे फलक रंगवून पोट भरले आणि पुढे लाकडी खेळण्यांचे व फर्निचरचे नमुनेही काढले. खेड्यातील पेंटरची अक्षरे वाकडी असतात ही शहराची समजूत आहे. मोहोळच्या पेंटरची शिरोरेषा आम्ही फूटपट्टी लावून पाहिली आहे.

ह्यावर कोणी म्हणेल, पोटास आणल्यावाचून नीती टिकत नाही, आणि शहराच्या ह्याच आवडीने दोन वृद्धांची चूल पेटते. हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. दुप्पट मोबदला नाकारण्याचा उपदेश महिन्याचा पगार घेणाऱ्याने करावा हे शोभत नाही. म्हणूनच हा भार आम्ही विकणाऱ्यापेक्षा घेणाऱ्यावर अधिक टाकतो. खोटे साल लिहिले जाते ते मागणारा असतो म्हणून. आपणच खऱ्या दुरुस्तीस पूर्ण दाम दिला, वस्तूची खरी हकीकत विचारली आणि पाहुण्यांपुढे ती सांगितली, तर कारागिराचा हात अडकण्याचे कारण उरणार नाही.

हे सारे आम्ही पेंटरला दुसऱ्या दिवशी सांगितले; अर्थात प्लेटो वगळून. तो म्हणाला, “कपाटाचं तुम्ही सांगितलं ते बरं केलं. आम्हाला वाटायचं, ही अडचण आमच्यासारख्यालाच असती.” हॉटेलवाल्यास त्याने निरोप धाडला की पाटी सरळ अक्षरांत मिळेल, सालाची जागा मोकळी राहील. तो तरुण पुन्हा आला नाही. ते पैसे बुडाले.

गेल्या महिन्यात आम्ही पेंटरला आमच्या घरी बोलावले आणि कपाटाच्या दाराच्या आतील अंगास चार ओळी लिहून घेतल्या: कारकुनाकडून आजोबांनी घेतले, वडिलांनी पाठ ठोकली, मोहोळच्या सुताराने दुरुस्त केले, आणि प्रत्येकापुढे जे साल आम्हांस नक्की ठाऊक होते तेवढेच. सुताराचे नाव घालू म्हटले तर त्याने फोनवर नको म्हणून सांगितले. लिहून झाल्यावर पेंटरने खाली हातभर जागा कोरी ठेवली. ती कशासाठी, असे विचारता तो म्हणाला, “पुढं कुणीतरी दुरुस्त करीलच की.”