वादाचा विषय आणि वादातील व्यक्ती

कथा-कादंबरीवरून पेटलेला वाद मिटवणे आणि तो सांभाळणे ही दोन वेगळी कामे आहेत. त्यांपैकी दुसऱ्या कामाला येथे नियमन म्हटले आहे, म्हणजे वाद कृतीवरून व्यक्तीवर घसरू न देणे आणि दोन्ही बाजूंना उद्याही एकमेकांशी बोलता येईल इतपत भाषा राखणे.

हे नियमन नसले की काय होते, हे आनंद यादव यांच्या ‘संतसूर्य तुकाराम’ या कादंबरीच्या प्रकरणात दिसले. 2009 च्या महाबळेश्वर साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून निवडून आलेल्या यादवांना वारकऱ्यांच्या विरोधामुळे माफी मागून कादंबरी मागे घ्यावी लागली, पुढे पदही सोडावे लागले आणि संमेलन अध्यक्षाविना पार पडले. भाविकांचे दुखावणे खोटे नव्हते. परंतु चरित्रात्मक कादंबरी, म्हणजे ऐतिहासिक व्यक्तीचे आयुष्य कल्पनेच्या आधाराने सांगणारा प्रकार, पुराव्याला कितपत बांधील असावा, हा मूळ प्रश्न राजीनाम्याच्या मागणीखाली गाडला गेला आणि तो आजही तसाच पडून आहे. 1969 मध्ये लघुनियतकालिकांच्या तरुण लेखकांनी ‘सत्यकथा’ मासिकाच्या अंकाची होळी केली, त्यामागचे कारण उलट होते: तेथे नियमन होते, कसोशीचेही होते, पण आपल्याला त्यात जागाच नाही अशी त्या पिढीची भावना झाली होती.

वसईत नियमनाचा हा प्रश्न अधिक जवळून पाहता येतो, कारण येथे सामवेदी ख्रिस्ती आणि सामवेदी ब्राह्मण एकच कादोडी बोली बोलतात आणि ती आपली असल्याचा अभिमान दोघांनाही आहे. समजा, एखाद्या कथेतील तांबडे लुगडे नेसलेली म्हातारी कादोडीत बोलते आणि ‘लेखिकेला आपल्या माणसांची लाज वाटते’ असे पत्र संपादकाकडे येते. ते टोपलीत टाकणे सोपे, जसेच्या तसे छापणे त्याहून सोपे. नियमन करणारा मात्र ते परत पाठवून विचारतो की म्हातारीच्या कोणत्या वाक्यातून ही लाज दिसली. वाक्य दाखवता आले, तर त्या पत्राचा राग कमी न करता ते छापलेच पाहिजे.

असे विचारणाऱ्याला स्वतःची बाजू नसावी, ही अपेक्षा चुकीची आहे. वसईतल्याच नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो 1983 ते 2007 या काळात ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक होते आणि त्याच काळात वसईची हिरवाई वाचवण्याच्या ‘हरित वसई’ लढ्यात उघडपणे उतरलेही होते. उघड बाजू वाचकाला ताडून पाहता येते. छुपी बाजू केवळ कात्रीतून जाणवते, आणि तीच अधिक घातक ठरते.

उस्मानाबादच्या 93व्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदासाठी त्याच दिब्रिटोंची एकमताने निवड झाली, तेव्हा आक्षेपांचा भर त्यांच्या लेखनावर नव्हता, तर ते ख्रिस्ती धर्मगुरू असण्यावर होता. धमक्या आल्या, तरी साहित्य महामंडळाने निवड कायम ठेवली. जानेवारी 2020 मध्ये, प्रकृती ठीक नसतानाही, दिब्रिटो उस्मानाबादला गेले आणि अध्यक्षपदावरून बोलले; त्यामुळे सहमत असणाऱ्यांना आणि नसणाऱ्यांना वाद घालण्यासाठी निदान एक भाषण हाती आले.