स्वस्त मिळालें म्हणून

हजार रुपयांची साडी सहाशें रुपयांस मिळाली, तर चारशें रुपये वांचले असें आपण सहज बोलून जातों. ते चारशें रुपये कोठें आहेत, असें कोणी विचारलें तर मात्र उत्तर देतां येत नाहीं. पेटी उघडून पाहावी, तर तींतून सहाशें गेलेले दिसतात. साडी घ्यावयाचीच होती, आणि दुसऱ्या दुकानीं तिला खरोखर हजार पडले असते, तर ही बचत खरी. या दोहोंपैकीं एक गोष्ट जरी खोटी असली, तरी जिला आपण बचत म्हणतों ती बहुतकरून खर्चच होय. सण जवळ आले कीं तालुक्याच्या दुकानांवर ‘सेल’चे फलक लागतात, आणि आतां तर हातांतला फोनच दुकान झाला आहे, म्हणून वाचकांनीं या गोष्टीचा थोडा विचार करावा असें आम्हांस वाटतें.

मनाचा हा व्यवहार विद्वानांनीं पुष्कळ तपासला आहे. 1981 सालीं आमोस ट्व्हर्स्की व डॅनियल कानमन या दोघां मानसशास्त्रज्ञांनीं आपला एक प्रयोग प्रसिद्ध केला. पंधरा डॉलरांचें कॅल्क्युलेटर वीस मिनिटांच्या वाटेवरील दुसऱ्या दुकानांत पांच डॉलर कमी किमतीस मिळत असेल, तर तुम्ही जाल काय, असें त्यांनीं कांहीं लोकांस विचारलें. शंभरांत 68 जण जाऊं म्हणाले. तेंच यंत्र सव्वाशें डॉलरांचें आहे असें दुसऱ्या लोकांस सांगितलें, तेव्हां तेवढ्याच पांच डॉलरांसाठीं जावयास शंभरांत 29 जण तयार झाले. वाट तीच, वांचणारा पैसाहि तितकाच! तेव्हां मन पैसा मोजीत नाहीं, किमतीचा उतार मोजतें. पुढें 1985 सालीं रिचर्ड थेलर या अर्थशास्त्रज्ञानें असें मांडलें कीं, खरेदींत दोन निरनिराळीं सुखें असतात. एक वस्तूचें, आणि दुसरें सौदा साधल्याचें. हें दुसरें सुख दुकानाच्या पायरीवरच संपतें; वस्तु मात्र घरीं येऊन जागा अडवून बसते.

उतार मोजावयाचा तर वरचा आंकडा पाहिजे, आणि तो बहुधा विकणाराच्याच हातीं असतो. आपल्या देशांत बंद पुडक्यावर कमाल किरकोळ किंमत छापावी लागते. तिच्याहून अधिक कोणी घेऊं नये एवढाच तिचा अर्थ. मालाची योग्यता तितकी आहे असें सरकार कांहीं सांगत नाहीं; आंकडा माल काढणारानेंच घातलेला असतो. ‘छापील किमतीच्या निम्मी’ हे शब्द ऐकून हर्ष मानणें म्हणजे विकणारानें स्वतःस दिलेल्या प्रशस्तिपत्रावर विश्वास ठेवणें होय.

मग यांत असत्य आहे काय? सतराव्या शतकांत इंग्लंडांतील क्वेकर मंडळीनें हा प्रश्न फार गंभीरपणें घेतला. सहास द्यावयाची वस्तु दहा सांगणें ही लबाडी होय, असें म्हणून त्यांचे दुकानदार एकच भाव सांगत. आरंभीं त्यांच्या रीतिभातींमुळें लोक दूर राहिले; पण लहान मूल पाठविलें तरी फसत नाहीं असा अनुभव आल्यावर त्यांचा धंदा वाढला. याच्या उलट एक गोष्ट आमच्या काळांत घडली. अमेरिकेंतील जे. सी. पेनी या जुन्या कंपनीनें 2012 सालीं कूपनें व वारंवारचे सेल बंद करून चिठ्ठीवर आरंभापासूनच उतरलेली किंमत लिहिण्याचा क्रम घातला. इतर कारणेंहि असतील, परंतु त्या एका वर्षांत विक्री सुमारें चतुर्थांशानें घटली. 2013 च्या एप्रिलांत मुख्य अधिकाऱ्यास जावें लागलें, आणि कूपनें परत आलीं. क्वेकरांच्या गिऱ्हाइकांस घासाघिशीचा कंटाळा होता. पेनीच्या गिऱ्हाइकांस वर्षानुवर्षें जिंकल्याची गोडी लावली होती, ती एकाएकीं काढून घेतली.

यावरून कोणी म्हणेल कीं, गिऱ्हाइकासच फसावयाचें आहे, तर दुकानदाराचा दोष कोणता? आम्हांस हें मान्य नाहीं. मागणी आहे म्हणून चढविलेला आंकडा खरा होत नाहीं. परंतु घेणाराहि निर्दोष नाहीं. खाली आलेल्या किमतीची शेजाऱ्यापाशीं बढाई मारतांना त्याला स्वतःचें चातुर्य दाखवावयाचें असतें, आणि त्या चातुर्याची किंमत घरांतल्या इतरांच्या गरजांतून जाते. मुलाची वही राहिली, पण ‘एकावर एक फुकट’ म्हणून दोन डबे आले, असें कित्येक घरीं दिसतें.

स्वस्त घेऊंच नये असें मात्र आमचें म्हणणें नाहीं. ज्याची मजुरी रोजची, त्याला दहा रुपये हे दहा रुपयेच. पाऊस सरल्यावर छत्री, सुगींत वर्षाचें धान्य, हें आपल्या वडील मंडळीस कोणी शिकविलें नव्हतें. मोठें पुडकें नेहमीं स्वस्त असतें हा समजहि तपासावा. शाम्पूची लहान पुडी कित्येकदां बाटलीहून स्वस्त पडते. 2021 सालच्या दुरुस्तीनें पुष्कळशा पुडक्यांवर दर ग्रॅमास किंवा दर मिलिलिटरास काय पडतें तेंहि छापावें लागतें. तो बारीक आंकडा, अक्षर येणाऱ्या मुलाकडून कां होईना, वाचून घ्यावा.

आणखी एक सोपी गोष्ट आहे. बाजारास निघण्यापूर्वीं, फलक व चिठ्ठी दृष्टीस पडण्याच्या आधीं, घरीं बसून काय घ्यावयाचें आणि त्यास आपण किती देऊं, हें कागदावर लिहावें. त्या आंकड्याच्या आंत वस्तु मिळाली, तर वरचा खोडलेला आंकडा पाहण्याचें कारणच उरत नाहीं. जी वस्तु कागदावर नाहीं, ती कितीहि उतरली असली तरी पुढच्या बाजारापर्यंत ठेवावी. त्या दिवशीं ती बहुधा आठवणारहि नाहीं. आठवलीच, तर खुशाल घ्यावी.